ऑर्गनॉइड आणि जिवाणू: आधी वेगळ्या चुली

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आतड्याच्या संसर्गावर आत्तापर्यंत काको-२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या आतड्याच्या पेशींवर काम केलं. आता मानवी आतड्याचे ऑर्गनॉइड, म्हणजे मूळपेशींपासून वाढवलेली आतड्याची चिमुकली प्रतिरूपं, वाढवायचे आहेत, त्यांच्यासोबत माणसाच्या आतड्यातला जिवाणूंचा अख्खा समुदाय वाढवायचा आहे आणि मग त्यात रोगजंतू सोडून काय होतं ते बघायचं आहे. हे सगळं एकत्र कसं वाढवायचं? सुरुवात कुठून करू?"

माझं उत्तर आधीच सांगतो: एकत्र वाढवू नका. दोघांना वेगवेगळं वाढवा, दोघांची नीट ओळख करून घ्या आणि मग प्रश्नाला लागेल तेवढ्याच वेळापुरती त्यांची गाठ घालून द्या. "समुदाय आणि ऑर्गनॉइड आठवडाभर सुखाने नांदताहेत" हे चित्र दिसायला सुरेख असतं, पण बहुतेक प्रश्नांना त्याची गरज नसते. ज्यांना असते त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा लागते, तिच्याकडे शेवटी येतो.

अडचण दोन गोष्टींची आहे, घड्याळाची आणि हवेची. चांगल्या माध्यमात, म्हणजे वाढीसाठीच्या पोषक द्रवात, ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तीन तास वीस मिनिटांत हजारपट. ऑर्गनॉइडमधल्या पेशीला एकदा दुप्पट व्हायला दिवसाच्या हिशेबात वेळ लागतो. त्यात ऑर्गनॉइडचं माध्यम म्हणजे ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं यांची रेलचेल. जिवाणूंना आणखी काय हवं? संध्याकाळी थोडेसे जिवाणू घालून घरी जावं, तर सकाळी गुलाबी माध्यम पिवळं पडलेलं, गढूळ झालेलं आणि पेशी मेलेल्या. हा संसर्ग नव्हे, ही उपासमार आणि आम्लता. दुसरी बाजू हवेची. पेशींच्या इन्क्युबेटरमध्ये प्राणवायू जवळपास बाहेरच्या हवेइतका असतो. मोठ्या आतड्याच्या पोकळीत तो जवळजवळ नसतोच, आणि तिथले बहुसंख्य जिवाणू त्याच अभावाला सरावलेले असतात. फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झीसारखा जिवाणू उघड्या हवेत काही मिनिटांत दगावतो. एकाला जगवणारी हवा दुसऱ्याला मारते.

मग काको-२ सोडायच्याच कशाला? सगळ्या कामांसाठी सोडू नका. पण त्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या आहेत, सगळ्या एकाच छापाच्या आहेत, आणि निरोगी आतड्यातली पेशींची विविधता व श्लेष्माचा थर त्यांच्यात नाही. याची किंमत काय असते ते नोरोव्हायरसने दाखवलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांनी त्या साथीतल्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दाखवला. आणि मग चार दशकांहून जास्त काळ जगभरच्या प्रयोगशाळा तो भरवशाने वाढवायचा प्रयत्न करत राहिल्या. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये मेरी एस्टेस यांच्या गटाने तो मानवी आतड्याच्या मूळपेशींपासून वाढवलेल्या पेशींच्या थरात वाढवला. काही वाणांना तर पित्त घातल्याशिवाय वाढताच येत नव्हतं. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. काही माणसांमध्ये एफयूटी२ हे जनुक निकामी असतं, त्यामुळे त्यांच्या आतड्याच्या पेशींवर ठरावीक शर्करा तयार होत नाही. अशा दात्यांच्या पेशींना नोरोव्हायरसच्या जीआयआय.४ या प्रमुख प्रकाराची बाधा झाली नाही. म्हणजे कोणाला लागण होते आणि कोणाला नाही, हा माणसामाणसांतला फरक प्लेटमध्ये उतरला. एकाच गाठीतून आलेल्या पेशी हे कधीच सांगू शकल्या नसत्या.

दुसरा दाखला कोविडच्या काळातला. क्लोरोक्विन माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींमध्ये विषाणूला रोखतं, असं दिसलं आणि आशा पल्लवित झाल्या. पण व्हेरो पेशींत विषाणू पेशीच्या आतल्या आम्लयुक्त पिशव्यांतून शिरतो आणि क्लोरोक्विन नेमकी तीच आम्लता कमी करतं. फुप्फुसाच्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ नावाचं विकर असतं, ते विषाणूला थेट पृष्ठभागावरच दार उघडून देतं. अशा पेशींमध्ये क्लोरोक्विन निष्प्रभ ठरलं, हे २०२० मध्येच प्रसिद्ध झालं. औषध तेच, विषाणू तोच, फक्त पेशी बदलली.

आता ऑर्गनॉइडकडे. आतड्यातल्या मूळपेशींची खूण, एलजीआर५, २००७ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने दाखवली. २००९ मध्ये तोशिरो सातो आणि क्लेव्हर्स यांनी उंदराच्या अशा एकाच पेशीपासून आतड्याच्या घड्या असलेली रचना वाढवली, आणि २०११ मध्ये मानवी पेशींसाठीची कृती आली. कृतीचा गाभा असा: ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पॉन्डिन हे वाढीचे संदेश, मानवी पेशींसाठी त्यात डब्ल्यूएनटीची भर, आणि आधाराला मॅट्रिजेल. मॅट्रिजेल हे नाव ऐकून स्वच्छ, शुद्ध रसायन डोळ्यांपुढे येतं, पण तो उंदराच्या गाठीतून काढलेला अर्क आहे. म्हणूनच एक खेप दुसरीसारखी नसते. नवी खेप आली की आधी जुन्या खेपेशेजारी चालवून बघा, मगच प्रयोगाला लावा. बर्फावर तो पातळ राहतो आणि गरम झाला की घट्ट होतो, तेव्हा पिपेटच्या टिपाही गार करून घ्या. हाताला सवय व्हायला दीडदोन महिने लागतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नवशिक्यांची पहिली मोठी चूक इथे होते. डब्ल्यूएनटी भरपूर असलेल्या माध्यमात ऑर्गनॉइड छान गोल, फुग्यासारखे टपोरे होतात. फोटोला सुंदर. पण त्या फुग्यांत मुख्यतः मूळपेशी आणि अर्धवट घडलेल्या पेशी असतात. आतड्यात रोगजंतूची पहिली गाठ पडते ती पक्व शोषक पेशींशी आणि श्लेष्माशी. तेव्हा संसर्गाआधी डब्ल्यूएनटी काढून घ्या, चार-पाच दिवस पेशींना पक्व होऊ द्या आणि त्या खरंच पक्व झाल्यात का, हे खुणांवरून तपासा. नोरोव्हायरसच्या कामातही पक्व पेशीच लागतात. फुगे सुकल्यासारखे, जाड भिंतीचे, काळपट दिसू लागले की घाबरू नका. बहुतेक वेळा तेच हवं असतं.

प्रौढ माणसाच्या ऊतीतून वाढवलेले ऑर्गनॉइड आणि बहुक्षम (शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या) मूळपेशींपासून घडवलेले ऑर्गनॉइड, हा फरकही ध्यानात ठेवा. दुसऱ्या प्रकारात आधारऊतीही मिळते, पण ते वागायला बरेचसे गर्भावस्थेतल्या अवयवासारखे असतात. झिका विषाणूसाठी हीच गोष्ट पथ्यावर पडली. २०१६ मध्ये मेंदूच्या ऑर्गनॉइडमध्ये तो मज्जापेशींच्या पूर्वज पेशींना मारतो हे दिसलं, कारण प्रश्नच गर्भाच्या मेंदूचा होता. तुमचा प्रश्न प्रौढांच्या जुलाबांचा असेल, तर प्रौढ ऊतीतूनच सुरू करा.

यानंतरची गोष्ट इतकी साधी आहे की ती सगळे विसरतात: बाजू. आतड्याची पोकळीकडची बाजू ऑर्गनॉइडच्या आत बंद असते. तुम्ही जिवाणू माध्यमात घातलेत, तर ते पेशींच्या पाठीला भिडतात. तेही आधी जेल ओलांडून. म्हणजे रोगजंतूला मागच्या दाराने आत घेतलंत. लिस्टेरिया या जिवाणूला ते सोयीचंच असतं, कारण तो ज्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरतो ते पेशींच्या बाजूंना आणि तळाकडे असतं. साल्मोनेला हा जिवाणू मात्र पोकळीकडूनच शिरणं पसंत करतो. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ऑर्गनॉइड जेलमधून मोकळे करून उलटे केले, पोकळीची बाजू बाहेर आणली, आणि या दोघांचा हा फरक स्पष्ट दाखवला.

रस्ते तीन आहेत. बारीक काचेच्या सुईने पोकळीत टोचणं, ऑर्गनॉइड उलटे करणं, किंवा ते सुटे करून सच्छिद्र पडद्यावर एकपदरी थर वाढवणं. टोचण्याची ताकद मोठी आहे. २०१८ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचं पूर्ण जीवनचक्र मानवी ऑर्गनॉइडमध्ये याच मार्गाने दिसलं. कोलिबॅक्टिन हे डीएनएला इजा करणारं विष बनवणारा ई. कोलाय पाच महिने पुन्हा पुन्हा ऑर्गनॉइडमध्ये टोचला, तेव्हा पेशींच्या डीएनएमध्ये त्याची ठरावीक खूण उमटली आणि तीच खूण काही आतड्याच्या कर्करोगांमध्येही सापडली. हे काम २०२० मधलं. पण टोचणं म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसणं, आणि प्रत्येक गोळ्यात किती जिवाणू गेले याचा हिशेब नेहमी अंदाजाचा. तुम्हाला मी पडदाच सुचवेन. वरची बाजू, खालची बाजू दोन्ही हाताशी राहतात, पेशी मोजता येतात आणि थर अखंड आहे की भोकं पडली, हे विद्युत रोध मोजून कळतं. हा रोध संसर्गाआधी न मोजता कोणी "रोगजंतूने भिंत फोडली" म्हणू लागलं, तर मी पुढचं ऐकत नाही.

आता जिवाणूंची चूल. इथे दोन पंथ आहेत. एक, विष्ठेच्या नमुन्यातून सरळ समुदाय उचलणं. दुसरा, ओळखीचे वाण एकेक करून मिसळून समुदाय रचणं. पहिला खऱ्याच्या जवळ असतो, पण त्यात नक्की कोण आहे हे कधीच पुरतं कळत नाही आणि दुसऱ्या महिन्यात तोच समुदाय पुन्हा हाती लागत नाही. मी दुसऱ्या पंथाचा आहे. उंदरांसाठी १२ वाणांचा समुदाय बऱ्याच प्रयोगशाळा वापरतात. मानवी बाजूने स्टॅनफर्डमध्ये मायकेल फिशबाख यांच्या गटाने १०४ वाणांपासून सुरुवात केली. जंतुमुक्त उंदरांत तो समुदाय रुजवला आणि वरून माणसाच्या विष्ठेचा नमुना दिला. कोणते पाहुणे येऊन ठाण मांडून बसतात, म्हणजे कोणत्या जागा रिकाम्या होत्या, हे पाहून समुदायाची डागडुजी केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा समुदाय ११९ वाणांचा आहे आणि उंदरांत त्याने रोगकारक ई. कोलायला चांगलाच विरोध केला. तुम्ही शंभराच्या मागे लागू नका. आठ-दहा वाण नीट सांभाळता आले तरी सुरुवातीला पुष्कळ.

ऑक्सिजनविरहित पेटीत काम करायचं. माध्यम आदल्या दिवशीच, जमल्यास दोन दिवस आधी आत ठेवायचं, म्हणजे त्यातला विरघळलेला प्राणवायू निघून जातो. सोबत उरलासुरला प्राणवायू टिपणारं सिस्टीन घालायचं. रेझाझुरिनचा थेंब हा इथला पहारेकरी: प्राणवायू असेल तर गुलाबी, नसेल तर रंगहीन. प्रत्येक वाण आधी एकेकटा वाढवून त्याचा वाढीचा आलेख काढा आणि एकत्र करताना गढूळपणावर न जाता जिवंत पेशींच्या मोजणीवर प्रमाण ठरवा. एका वाणाचा गढूळपणा आणि दुसऱ्याचा गढूळपणा यांत जिवंत जिवाणूंची संख्या फार वेगळी असू शकते.

मिसळल्यावर लगेच वापरायची घाई नको. ताज्या माध्यमात काही वेळा पुढे नेत राहा आणि रचना कुठे स्थिरावते ते पाहा. श्रीमंत माध्यमात बळी तो कान पिळी. जलद वाढणारे बाकीच्यांना गिळतात आणि ब्युटिरेट बनवणारे संथ वाण चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत नाहीसे होतात. तेव्हा माध्यम हे नुसतं अन्न नाही, समुदाय कोणता उरणार हे तेच ठरवतं. साधी शर्करा कमी आणि तंतुमय पदार्थ जास्त ठेवले, तर संथ वाणांना जरा श्वास मिळतो. सतत ताजं माध्यम येणारे आणि जुनं बाहेर जाणारे जैवभट्टीचे संच यासाठी उत्तम. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचा बहुटप्पी संच १९९३ पासून प्रसिद्ध आहे.

समुदायात कोण किती आहे हे बघण्यासाठी केलेल्या जनुकीय वाचनाबद्दल एक सावधगिरी. ते तुम्हाला वाटा सांगतं, संख्या सांगत नाही. एका वाणाचा वाटा निम्मा झाला, तर तो मेला असेल किंवा शेजारी फोफावले असतील आणि हा होता तेवढाच असेल. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही वाचनात जिवंतासारखाच दिसतो. एकूण संख्या वेगळी मोजल्याशिवाय त्या रंगीत पट्ट्यांच्या आलेखावर एकही निष्कर्ष काढू नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एका रोगजंतूचं उदाहरण घेऊ या: जुलाब घडवणारा सी. डिफिसिल हा जिवाणू. प्रतिजैविकांनी आतड्यातला समुदाय उद्ध्वस्त झाला की हा फोफावतो. "समुदाय, पेशी आणि सी. डिफिसिल एकत्र" असा एक प्रयोग करण्याऐवजी प्रश्न फोडून बघा.

समुदाय याला कसा रोखतो? यात मानवी पेशींची गरजच नाही. यकृताकडून येणारं टॉरोकोलेट हे पित्तक्षार त्याच्या बीजाणूंना जागं करतं. काही जिवाणू पित्ताम्लांचं रूपांतर डीऑक्सिकोलिक आम्लात करतात आणि ते वाढणाऱ्या सी. डिफिसिलला रोखतं. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा असा एक जिवाणू. त्याचा संरक्षणाशी असलेला संबंध २०१५ मध्ये दाखवला गेला. हे सगळं जैवभट्टीत, पित्ताम्लं घालून, पेशींशिवाय तपासता येतं. दुसरा प्रश्न: त्याचं विष पेशीला कसं मारतं? यात जिवाणूची गरज नाही, शुद्ध विष आणि ऑर्गनॉइड पुरेसे. २०१६ मध्ये त्याच्या 'बी' नावाच्या विषाचा ग्राहक (विष पेशीवर जिथे चिकटतं ती जागा) आतड्याच्या पेशींवरचं फ्रिझल्ड हे प्रथिन आहे असं दिसलं, आणि त्यात ऑर्गनॉइडची साक्ष महत्त्वाची होती. गंमत अशी की फ्रिझल्ड हे डब्ल्यूएनटी संदेशाचं दार. म्हणजे ज्या संदेशावर मूळपेशी जगतात, नेमक्या त्याच्याच दारात विष येऊन उभं राहतं. तिसरा प्रश्न: समुदायाने सोडलेल्या पदार्थांमुळे पेशी विषाला जास्त टिकून राहतात का? इथे समुदायाचा गाळलेला द्रव पेशींवर घाला. जिवाणू तरीही नकोत. उरतो तो एकच प्रकारचा प्रश्न, ज्यात जिवाणू आणि पेशी यांचा जिवंत स्पर्श लागतो: चिकटणं, शिरणं, श्लेष्मा खाणं, जागा अडवणं. त्याच्यासाठीच गाठ घालायची.

गाळलेल्या द्रवाबाबत चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ हमखास येते. जिवाणूंनी माध्यम आम्लयुक्त केलेलं असतं, पोषण संपवलेलं असतं. पेशी त्यानेच मरतात आणि आपण दोष एखाद्या विषाला देतो. सामू (पीएच) आणि क्षारांचं प्रमाण जुळवून घ्या आणि शेजारी तेवढंच आम्लयुक्त केलेलं कोरं माध्यमही ठेवा.

प्रत्यक्ष भेट साध्या इन्क्युबेटरमध्ये घडवायची, तर तासांत मोजा. दोन ते सहा तास, मग धुवा. पेशींच्या माध्यमातली प्रतिजैविकं बरेच दिवस आधी काढा आणि थर पुन्हा पुन्हा धुवा, कारण ती जेलमध्ये मुरून राहतात. माझी फजिती सांगतो: एकदा आठवडाभर आम्ही खूश होतो की आमच्या दात्याच्या पेशी ई. कोलायला मारताहेत. मारत होतं ते जेलमध्ये उरलेलं प्रतिजैविक. तेव्हापासून पेशींवरचं धुतलेलं माध्यम नुसत्या जिवाणूंवर घालून बघणं हा आमचा कायमचा नियंत्रण-प्रयोग आहे. त्याच्याच जोडीला पेशींशिवायच्या माध्यमात जिवाणू वाढतो का हे पाहा, प्लेटमधला एक खड्डा मारलेल्या जिवाणूचा ठेवा आणि त्याच जातीचा निरुपद्रवी वाण ठेवा. विषाणू असेल तर पहिल्या तासाचा आकडा आणि नंतरचा आकडा दोन्ही घ्या. नाहीतर चिकटून राहिलेल्या मूळ विषाणूलाच तुम्ही वाढ समजाल.

एक मोजणी सगळ्यांत महत्त्वाची. एकाच दात्याच्या पेशींचे बारा खड्डे म्हणजे बारा नमुने नव्हेत. तो एक माणूस बारा वेळा मोजलेला आहे. एफयूटी२ ची गोष्ट आठवा. किमान तीन दाते घ्या, आणि जमेल तर त्यांचं अशा जनुकांसाठी वाचन आधीच करून ठेवा.

दिवसेंदिवसांचा सहवास खरंच हवा असेल, तर चिपकडे वळा, म्हणजे बारीक वाहिन्यांतून द्रव खेळवत पेशी वाढवायच्या छोट्या पट्टीकडे. २०१९ मध्ये हार्वर्डच्या 'वीस' (Wyss) नावाच्या संस्थेतल्या गटाने आतड्याच्या चिपमध्ये खालून पेशींना प्राणवायू आणि वर जिवाणूंना त्याचा अभाव अशी रचना केली, आणि माणसाच्या आतड्यातला गुंतागुंतीचा समुदाय मानवी पेशींसोबत काही दिवस टिकवला. २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने नळीसारखं खुलं छोटं आतडं बनवलं. बंद गोळ्यात मेलेल्या पेशी आतच साचतात. इथे त्या वाहून जातात, त्यामुळे क्रिप्टोस्पोरिडियमचा संसर्ग आठवड्यांपर्यंत चालवता आला. दोन्ही कामं अप्रतिम आहेत. पण पडद्यावरचा थर ज्यांना अजून अखंड ठेवता येत नाही, त्यांनी चिपला हात लावू नये असं माझं मत आहे.

काय मिळणार नाही तेही सांगतो. या थरात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, आतड्याची हालचाल नाही, आणि तुम्ही मुद्दाम घातल्या नाहीत तर प्रतिकारक पेशीही नाहीत. पडद्याखाली मॅक्रोफेज ठेवता येतात, पण ते थर आणि समुदाय दोन्ही ताब्यात आल्यावर. ताप, उलटी, निर्जलीकरण यांबद्दल इथून काहीच बोलता येत नाही.

कागदपत्रं मागाहून उरकायची म्हणू नका. दात्याच्या संमतिपत्रात संसर्गाचे प्रयोग, साठवण आणि इतर प्रयोगशाळांना देणं, तिन्ही नावानिशी हवेत, कारण ऑर्गनॉइडमध्ये त्या माणसाचा अख्खा जीनोम असतो. विष्ठा आणि ऊतीचे नमुने अनोळखी रोगजंतू असल्यासारखेच हाताळा. रोगजंतूच्या पातळीप्रमाणे जैवसुरक्षा समितीची मंजुरी पहिल्या प्रयोगाआधी घ्या, आणि संसर्ग झालेल्या प्लेटा स्वच्छ ऑर्गनॉइडच्या इन्क्युबेटरमध्ये एका रात्रीपुरत्याही ठेवू नका.

तर कामाला लागा ते असं. पहिल्या दात्याचे ऑर्गनॉइड थोड्याच फेऱ्यांनंतर भरपूर संख्येने गोठवून ठेवा, मायकोप्लाझ्मा या पेशींमध्ये नकळत शिरणाऱ्या जिवाणूसाठी तपासून. जिवाणूंचे वाणही एकाच दिवशी, एकाच पेटीत, ग्लिसरॉलमध्ये छोट्या कुप्यांत गोठवा. एक कुपी एकदाच उघडायची. मग पडद्यावर थर, रोध, पक्वतेच्या खुणा. त्यानंतर एकट्या रोगजंतूचा संसर्ग, ज्याचं वागणं आधीपासून माहीत आहे अशा वाणाने; साल्मोनेला वरच्या बाजूने जास्त शिरतो आणि खालच्या बाजूने कमी, एवढं तुमच्या हाताने दिसलं पाहिजे. ते दिसल्यावर समुदायाचा गाळलेला द्रव, आणि तोही काही सांगू लागला की मग समुदाय.